ड्रायव्हर क्रॅश झाला, पण दोष ड्रायव्हरचाच होता का?

पीएचडीच्या तयारीत असलेले बरेच जण विचारतात की सिम्युलेशनचं काम घरच्या कॉम्प्युटरवर होतं का. होतं. पण ग्राफिक्स कार्डवर रात्रभर काम लावलं आणि सकाळी उठून बघितलं तर ते रात्री पावणेनऊलाच बंद पडलेलं, हा अनुभवही त्याच्यासोबत येतो. मागच्या पावसाळ्यात माझे जवळपास दोन महिने यात गेले. त्यातून कॉम्प्युटर दुरुस्तीपेक्षा प्रयोग कसा करावा हेच जास्त शिकलो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझं काम मॉलिक्युलर डायनॅमिक्सचं. एक प्रोटीन पाण्यात सोडायचं आणि त्याचा प्रत्येक अणू पुढच्या क्षणी कुठे असेल हे गणिताने काढत जायचं. एक पाऊल साधारण दोन फेम्टोसेकंदांचं, आणि अशी कोट्यवधी पावलं. डिपार्टमेंटच्या क्लस्टरवर रांग मोठी, आणि डोलवलीहून मुंबईला रोज लोकलने जाणंयेणं म्हणजे दिवसातले पाच तास प्रवासात. म्हणून घरी एक मशीन जोडलं. कार्ड १२ जीबी मेमरीचं, १७० वॉटचं, सेकंडहँड. एसएमपीएस जुन्या मशीनमधला, तोच वापरला. ऑपरेटिंग सिस्टिम उबुंटू, सिम्युलेशनसाठी ग्रोमॅक्स.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी ड्रायव्हर अपडेट केला आणि त्याच आठवड्यात क्रॅश सुरू झाले. निष्कर्ष काढायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत: नवा ड्रायव्हर खराब आहे. जुना ड्रायव्हर टाकला. चार रात्री सगळं सुरळीत चाललं. मॅडमना मेसेज केला, "मॅडम, प्रॉब्लेम सुटला." पाचव्या रात्री परत क्रॅश.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, "सुटला असं कशावरून म्हणालास?" दुसरी, "मशीन असं वागत असेल तर आतापर्यंत आलेल्या डेटावर विश्वास कसा ठेवायचा?" सहामाही प्रगती अहवाल दीड महिन्यावर आला होता आणि त्यातले तीनपैकी दोन आलेख याच मशीनवरच्या डेटाचे होते. दुसऱ्या प्रश्नाने माझी झोप उडाली.

'क्रॅश' म्हणजे नेमकं काय झालं?

ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि कार्ड यांच्यामधला दुभाषा. प्रोग्रामला हवं ते काम तो कार्डाला समजेल अशा आज्ञांमध्ये बदलतो आणि कार्डाचं उत्तर परत आणून देतो. त्यामुळे कार्ड गप्प झालं, वीज कमी पडली, मेमरी बिघडली किंवा प्रोग्रामने चुकीच्या जागी हात घातला, तरी तक्रार नोंदवतो तो ड्रायव्हरच. स्क्रीनवर नाव त्याचं दिसतं म्हणून दोष त्याचा, असं नसतं. वाईट बातमी आणणाऱ्या पोस्टमनवर आपण चिडतो, तसाच प्रकार.

विंडोजमध्ये ही व्यवस्था व्हिस्टापासून आहे. कार्डाने सोपवलेलं काम ठरलेल्या वेळेत सोडलं नाही, तर विंडोज ते अडकलं असं समजतं आणि ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. ही मुदत मूळ सेटिंगमध्ये दोन सेकंदांची असते. मग स्क्रीन क्षणभर काळी होते आणि 'डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता तो सावरला आहे' अशा अर्थाचा संदेश येतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याचा क्रमांक ४१०१. इथे एक गंमत आहे. तुमचा स्वतःचा प्रोग्रामच कार्डाला एका दमात तीन सेकंदांचं काम देत असेल आणि त्याच कार्डावर मॉनिटरही जोडलेला असेल, तर काहीही बिघडलेलं नसताना हा क्रॅश होतो. अशा वेळी कामाचे छोटे तुकडे करावेत किंवा मुदत वाढवावी. पण कारण माहीत नसताना मुदत वाढवणं म्हणजे धुराचा अलार्म बंद करण्यासारखं आहे.

म्हणून पहिलं काम: क्रॅश कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा.

१. फक्त तुमचा प्रोग्राम बंद पडला, बाकी मशीन ठीक. आधी प्रोग्राम, इनपुट फाइल आणि कार्डाची मेमरी पुरते का हे बघा.

२. स्क्रीन काळी होऊन परत आली, किंवा मशीन चालू आहे पण कार्ड दिसत नाही. इथे ड्रायव्हर, कार्डाचं तापमान, वीज आणि कार्ड नीट बसलंय का, हे सगळेच संशयित.

३. पूर्ण मशीनच बंद होऊन पुन्हा सुरू झालं. विंडोजमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसते. ती एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता बंद झालं. इथे संशय आधी विजेवर घ्यावा.

लिनक्सवर कर्नलचा लॉग उघडून त्यात 'एक्सआयडी' शोधा. एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रत्येक प्रकारच्या चुकीला एक क्रमांक देतो आणि त्या क्रमांकांची यादी कंपनीने प्रसिद्ध केलेली आहे. १३ आणि ३१ हे क्रमांक बहुतेक वेळा प्रोग्रामच्या चुकीकडे बोट दाखवतात (नेहमीच नाही). ७९ म्हणजे कार्ड बसवरून 'पडलं', म्हणजे मदरबोर्डाने हाक मारली आणि कार्डाने ओ दिली नाही. माझ्याकडे प्रत्येक वेळी ७९ होता. हा लॉग मी पहिल्याच दिवशी वाचला असता, तर ड्रायव्हर चार वेळा काढून-घालण्यात आठवडा गेला नसता.

ड्रायव्हर खरंच दोषी असतो तेव्हा खुणा वेगळ्या असतात. उबुंटूने रात्री आपोआप अपडेट केलं, लायब्ररी नवी आली पण कर्नलमध्ये आधीचाच ड्रायव्हर चालू राहिला, तर सकाळी 'व्हर्जन जुळत नाही' अशी तक्रार येते. मशीन रीस्टार्ट केलं की बहुतेक वेळा ती जाते. कर्नल बदलला आणि ड्रायव्हर त्याच्यासाठी पुन्हा बांधला गेला नाही, तर कार्ड सुरुवातीपासूनच दिसत नाही. या चुका ठरावीक असतात, दर वेळी सारख्याच होतात. माझा क्रॅश तसा नव्हता. तीन रात्री चालायचं, चौथ्या रात्री पडायचं.

चार शांत रात्रींचा अर्थ

आता मॅडमच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. जूनमधल्या पहिल्या १२ रात्रींपैकी ४ रात्री क्रॅश झाला होता. म्हणजे ढोबळमानाने तीन रात्रींत एक, आणि एखादी रात्र शांत जाण्याची शक्यता दोनतृतीयांश. समजा ड्रायव्हर बदलल्याने काहीच फरक पडला नाही. तरीही सलग चार रात्री शांत जाण्याची शक्यता किती? २/३ चार वेळा गुणा: १६/८१, म्हणजे जवळपास २० टक्के. पाचात एकदा नुसत्या नशिबानेच चार रात्री शांत जातील, आणि तेवढ्यावर मी "सुटला" म्हणून मोकळा झालो होतो.

मग किती रात्री थांबायचं? सात रात्रींना ही शक्यता ६ टक्क्यांच्या खाली येते, आठ रात्रींना ४ टक्के होते. म्हणून मी ठरवलं की कोणताही एक बदल केला की आठ रात्री थांबायचं. क्रॅश झाला तर तो बदल बाद. आठही रात्री शांत गेल्या तरच बोलायचं. या हिशेबात दोन गोष्टी गृहीत आहेत: रात्री एकमेकींवर अवलंबून नाहीत, आणि 'तीनात एक' हा दर बरोबर आहे. बारा रात्रींवरून काढलेला दर कच्चाच असतो, हे मान्य. पण आठ हा आकडा बदल करण्याआधी ठरवला होता, हे महत्त्वाचं. निकाल बघत बघत 'आता पुरे' म्हणायचं ठरवलं, तर आपण नेमके आपल्या सोयीच्या दिवशी थांबतो.

आमच्या कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे. 'कर्जत-३', 'कर्जत-७' ही भाताची वाणं तिथलीच. भाताच्या नव्या वाणाची चाचणी एका वाफ्यात, एका वर्षात उरकत नाहीत. तेच वाण अनेक वाफ्यांत लावतात आणि शेजारी माहितीतलं वाण ठेवतात, कारण एक वाफा सखल असतो, एकात पाणी जास्त साठतं, एखाद्या वर्षी पाऊसच वेगळा पडतो. माझ्या रात्री म्हणजे असेच वाफे. एक रात्र चांगली गेली म्हणून वाण चांगलं ठरत नाही.

वही

मग एक वही केली. एक्सेल नाही, शंभर पानी साधी वही, मशीनशेजारीच ठेवलेली. रोजच्या नोंदी अशा: तारीख, काम सुरू झाल्याची वेळ, क्रॅश झाल्यास त्याची वेळ, लॉगमधला क्रमांक, शेवटचं तापमान, कार्ड किती वॉट घेत होतं, लाईट गेली होती का, आणि आज मी काय बदललं. शेवटच्या रकान्यात एका वेळी एकच गोष्ट लिहायची, हा नियम.

तापमान आणि वॉट दर पाच सेकंदांनी फाइलमध्ये लिहायला 'एनव्हिडिया एसएमआय' हे ड्रायव्हरसोबतच येणारं साधन पुरतं. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

दहा दिवसांत दोन गोष्टी दिसल्या. एक, क्रॅशच्या आधीचं तापमान ६६ ते ७० अंश होतं, आणि ज्या रात्री ते ७४ पर्यंत गेलं त्या रात्री काहीच झालं नाही. म्हणजे तापण्यावरचा संशय बराच कमी झाला. दोन, सगळे क्रॅश संध्याकाळी साडेसात ते दहाच्या दरम्यानचे. मध्यरात्रीनंतर एकही नाही.

कार्ड घेत असलेल्या वॉटच्या आकड्यांत मात्र काहीच वेगळं नव्हतं. १६५, १६८, १६७, आणि मग फाइल संपलेली. आधी वाटलं, म्हणजे विजेचा काही संबंध नाही. पण माझं मोजमाप पाच सेकंदांतून एकदा होत होतं आणि कार्डाची विजेची ओढ एका सेकंदाच्या हजाराव्या, लाखाव्या भागात वरखाली होते. दर पाच मिनिटांनी खिडकीतून डोकावणाऱ्याला रस्त्यावरून भरधाव गेलेली गाडी दिसणार नाही. गाडी गेलीच नाही असं त्यावरून म्हणता येत नाही.

सरासरी आणि चढ

कर्जत स्टेशनवर थांबणारी पुण्याकडची लांब पल्ल्याची गाडी आठवा. कर्जतपर्यंत तिला एक इंजिन पुरतं. पुढे बोरघाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे, म्हणून कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावतात. मुंबई ते पुणे सरासरी काढून 'एक इंजिन पुरेल' असं म्हटलं, तर गाडी घाटातच अडकेल.

ग्राफिक्स कार्डाचं तसंच आहे. १७० वॉट ही सरासरी. अगदी अल्प क्षणासाठी कार्ड त्याच्या दुप्पट वीजही मागू शकतं. म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात, एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंद इतक्या अल्प काळासाठी स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसला पाहिजे अशी अट आली. माझा एसएमपीएस त्याच्या बराच आधीचा. त्याला १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ या मर्यादेत ठेवायची असते. त्यातले कपॅसिटर वर्षानुवर्षं तापून थकलेले असतील, तर चढ आला की व्होल्टेज मर्यादेखाली घसरतं, आणि कार्ड ओ देत नाही.

आणि संध्याकाळच का? साध्या मल्टिमीटरने खोलीतल्या सॉकेटवर मोजलं. मध्यरात्रीनंतर २३० च्या आसपास, संध्याकाळी आठला २०० च्याही खाली. पंख्याचा वेग बघूनही कळत होतं. घाटातल्या पाण्यावर चालणारं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून मुंबईला वीज देतंय, आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्या आमच्याकडे व्होल्टेज डाऊन, याचं पूर्वी मला नवल वाटायचं. पण वीजकेंद्र जवळ असण्याचा इथे संबंधच नाही. प्रश्न असतो रोहित्रापासून घरापर्यंतच्या तारेचा. तार जितकी लांब, तितका तिचा रोध जास्त. संध्याकाळी सगळ्यांची मोटर, पंखे, मिक्सर एकदम सुरू झाले की प्रवाह वाढतो आणि प्रवाह गुणिले रोध इतके व्होल्ट वाटेतच खर्च होतात. चांगला एसएमपीएस कमी व्होल्टेज चालवून घेतो, मात्र त्यासाठी भिंतीतून जास्त प्रवाह ओढतो. वीज क्षणभर खंडित झाली तरी साठवलेल्या विजेवर तो साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या एका आवर्तनापेक्षाही थोडा कमी वेळ. थकलेल्या एसएमपीएसकडे तेवढंही बळ उरत नाही.

ही गोष्ट पटण्यासारखी होती. पण ड्रायव्हरची गोष्टही मला अशीच पटली होती. म्हणून आता ती तपासायची.

बदल करा, मागे घ्या, पुन्हा बघा

पहिली चाचणी: एनव्हिडिया एसएमआयने कार्डाची विजेची मर्यादा १७० वरून १२० वॉटवर आणली. खर्च शून्य. आठही रात्री शांत. सिम्युलेशनचा वेग दहा-बारा टक्केच कमी झाला, तेही सोसण्यासारखं होतं. इथेच थांबायचा मोह खूप झाला.

दुसरी चाचणी: मर्यादा परत १७० वर. दुसऱ्याच रात्री सव्वाआठला क्रॅश, क्रमांक ७९. एवढा आनंद मला क्रॅश झाल्याचा कधी झाला नव्हता. बदल केल्यावर दोष जातो आणि बदल मागे घेतल्यावर परत येतो, तेव्हा 'योगायोगाने त्याच वेळी पाऊस थांबला असेल' यासारखी कारणं दुबळी होतात. ड्रायव्हरच्या बाबतीत मी हीच पायरी गाळली होती.

तिसरी चाचणी: खोपोलीच्या मित्राकडून नवीन एसएमपीएस काही दिवसांसाठी आणला. मर्यादा १७० च. आठ रात्री शांत.

आता तरी झालं का? नाही. एसएमपीएस बदलताना मी कार्डाची पॉवर केबल काढून पुन्हा बसवली होती, आणि नव्या एसएमपीएसची केबलही वेगळी होती. पावसाळी दमट हवेत सैल बसलेला कनेक्टर हेही पुरेसं कारण आहे. म्हणजे 'एकच बदल' म्हणता म्हणता मी दोन बदल केले होते. म्हणून चौथी चाचणी: जुना एसएमपीएस परत लावला, या वेळी सगळे कनेक्टर खटका लागेपर्यंत नीट दाबून. तिसऱ्या रात्री क्रॅश. आता दोष जुन्या एसएमपीएसवर आला. मित्राचा परत केला, फेलोशिपमधून स्वतःचा नवा घेतला.

एवढ्यावरून 'संध्याकाळचं कमी व्होल्टेज हेच कारण' असं मात्र म्हणता येत नाही. तो एसएमपीएस २३० व्होल्टवरही कधीतरी पडला असता का, हे या चाचण्यांनी तपासलेलंच नाही. अहवालात मी तेवढंच लिहिलं: जुना वीजपुरवठा बदलल्यावर पूर्ण भारावर क्रॅश थांबले.

आणि डेटा?

हा मॅडमचा दुसरा प्रश्न, आणि माझ्यासाठी खरा महत्त्वाचा. ग्रोमॅक्स मूळ सेटिंगमध्ये दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट लिहितं. त्यामुळे क्रॅश झाला तरी फार तर पाव तासाचं काम जातं आणि तिथूनच पुढे सुरू करता येतं. वेळेचं नुकसान थोडं. भीती वेगळी होती: मशीन पडण्याआधी चुकीचे आकडे तर लिहीत नव्हतं? घरगुती कार्डांच्या मेमरीत चूक पकडून दुरुस्त करणारी ईसीसी व्यवस्था सहसा नसते.

म्हणून प्रत्येक क्रॅशच्या आधीच्या तासाभराच्या डेटात एकूण ऊर्जा, तापमान, दाब यांच्यात उडी किंवा हळूहळू सरकणं दिसतं का ते तपासलं. नंतर एका चेकपॉइंटपासून तोच तुकडा नव्या एसएमपीएसवर पुन्हा चालवला. इथे नवख्यांची एक फसगत होते. दोन वेळा चालवलेलं सिम्युलेशन अणू-अणू जुळत नाही. गणना कोणत्या क्रमाने झाली यावरून शेवटच्या दशांशात फरक पडतो, आणि तो फरक पुढे झपाट्याने वाढत जातो. त्यात काही बिघाड नाही. तुलना करायची ती सरासऱ्यांची आणि त्यांच्या चढउतारांची. त्या जुळल्या. तरीही क्रॅश झालेल्या दोन रन्सपैकी एक मी पूर्ण नव्याने चालवला, कारण अहवालातला मुख्य आलेख त्याच्यावर उभा होता. त्यात अकरा दिवस गेले. अहवाल मुदतीच्या आदल्या संध्याकाळी दिला.

तुम्ही हे कराल तेव्हा

- आधी लॉग वाचा, मग हात लावा. क्रॅशचा प्रकार आणि क्रमांक लिहून ठेवा.
- ओव्हरक्लॉक केलं असेल तर पहिल्यांदा ते काढा. रात्रभर रॅमची चाचणी लावा.
- ड्रायव्हर बदलायचा असेल तर जुना पूर्ण काढून, आधी नीट चालत होता तोच व्हर्जन टाका. एकदाच. चार वेळा नाही.
- विजेची मर्यादा कमी करून बघणं ही फुकटातली चाचणी आहे, ती लवकर करा.
- यूपीएसवरचा आकडा नीट वाचा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॉटचाच असतो. कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून तो सहज ओलांडला जातो.
- कॅबिनेट उघडण्याआधी प्लग काढा. एसएमपीएसचा डबा स्वतः कधीच उघडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज राहते. सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. भिंतीतल्या सॉकेटवर मीटर लावायची सवय नसेल तर तेही त्यालाच करू द्या.
- किती रात्री थांबायचं ते आधी ठरवा आणि वहीत लिहा.

प्रगती अहवालाच्या बैठकीत समितीतल्या एका सरांनी विचारलंच, "हे घरच्या मशीनवर केलंय, भरवसा काय?" मी वही पुढे ठेवली. त्यांनी चार-पाच पानं उलटली आणि पुढचा प्रश्न प्रोटीनबद्दल विचारला.